कबूल झालेली मजुरी आणि वाजवी मजुरी

२०२५ सालच्या मे महिन्याच्या ८ तारखेला रोममध्ये नव्या पोपची निवड झाली. अमेरिकेत शिकागोला जन्मलेले आणि पेरू देशात अनेक वर्षं काम केलेले कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट यांनी 'लिओ' हे नाव घेतलं. पोप झाल्यावर नवं नाव घ्यायची रीतच आहे, त्यात नवल नाही. पण दोनच दिवसांनी कार्डिनलांशी बोलताना त्यांनी हेच नाव का घेतलं, ते सांगितलं. तेराव्या लिओंनी औद्योगिक क्रांतीच्या काळात कामगारांच्या प्रश्नावर एक पत्र लिहिलं होतं. आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे माणसाच्या कामापुढे आणि त्याच्या प्रतिष्ठेपुढे पुन्हा तसेच प्रश्न उभे राहिले आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

ते पत्र १५ मे १८९१ चं. लॅटिनमधल्या पहिल्या शब्दांवरून त्याचं नाव पडलं 'रेरुम नोवारुम', म्हणजे 'नव्या गोष्टींविषयी'. पोप अशी जाहीर पत्रं अधूनमधून लिहितात, त्यांना एन्सायक्लिकल म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ परिपत्रक असाच आहे, पण सरकारी कचेरीतलं जावक क्रमांकाचं परिपत्रक डोळ्यांसमोर आणू नये. ही पत्रं शे-दीडशे पानांचीही असतात आणि पुढचे पोप त्यांतला एकेक धागा धरून पुढे लिहीत जातात. १८९१ पासून चालत आलेल्या या लेखनातून जे विचार पक्के होत गेले, त्यांना 'कॅथलिक सामाजिक शिकवण' म्हणतात. २००४ साली व्हॅटिकननं या शिकवणीचं एक जाडजूड संकलन काढलं. त्यात चार खांब सांगितले आहेत : माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचं हित, बांधिलकी आणि 'सब्सिडिअ‍ॅरिटी' नावाचं एक तत्त्व, ज्याला मराठीत चटकन शब्द सापडत नाही. त्याच्याकडे पुढे येऊच.

मी कवी माणूस, अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. शिवाय मी या धर्माचाही नाही. पण या शिकवणीत एक साधा प्रश्न आहे, जो कोणत्याही धर्माच्या माणसाला टाळता येत नाही. मजूर एखाद्या मजुरीला कबूल झाला, म्हणजे ती मजुरी न्याय्य झाली का?

हा प्रश्न रोमच्या ग्रंथालयात सुचलेला नाही. त्याच्यामागे कारखाने होते, खाणी होत्या, गोद्या होत्या. त्यातली लंडनची गोदी पाहू. १८८९ साली तिथली पद्धत अशी होती की सकाळी फाटकाशी माणसांचा जमाव उभा राहायचा, मुकादम बाहेर येऊन हवे तेवढे निवडायचा आणि उरलेले परत. निवडलेल्यांनाही कधी दोन तासांचंच काम मिळायचं. आपल्याकडे नाक्यावर कामासाठी उभे राहणारे मजूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये या हमालांनी संप केला. मागणी होती तासाला ५ ऐवजी ६ पेन्स द्या, आणि एकदा कामावर घेतलं तर निदान चार तासांचं काम द्या. अवघ्या एका पेनीसाठी जगातलं सर्वांत मोठं बंदर महिनाभर ठप्प झालं. संपवाल्यांची उपासमार व्हायची वेळ आली तेव्हा थेट ऑस्ट्रेलियातल्या कामगारांनी आणि नागरिकांनी वर्गणी काढून ३० हजार पौंडांहून जास्त रक्कम पाठवली.

या भांडणात मध्यस्थीला उभे राहिले कार्डिनल हेन्री मॅनिंग. वय वर्षं ८१. गोदीतले बरेच हमाल आयरिश कॅथलिक होते, त्यांच्यात या म्हाताऱ्याचा शब्द चाले. मालकांच्या कचेरीत आणि संप समितीच्या बैठकीत त्यांनी खेटे घातले, दोन्हीकडची बोलणी ऐकून घेतली. सप्टेंबरच्या मध्यावर तडजोड झाली. सहा पेन्स मिळाले. लोक त्या तडजोडीला 'कार्डिनलचा तह' म्हणू लागले.

दीड वर्षानं तेराव्या लिओंचं पत्र आलं. तेही तेव्हा ८१ वर्षांचेच होते. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका इथल्या कॅथलिक मंडळींचे अनुभव त्यामागे होते, तसा लंडनच्या या संपाचाही होता. पत्रातला मजुरीविषयीचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्या काळचे अर्थशास्त्री म्हणत, मालक आणि मजूर हे दोघे स्वतंत्र नागरिक आहेत, त्यांनी आपसात भाव ठरवला, व्यवहार मिटला. तिसऱ्यानं त्यात पडायचं कारण नाही. लिओंचं उत्तर असं की मजुराला काम नाकारण्याचं स्वातंत्र्य नावालाच असतं. घरात पोरं उपाशी असतील तर तो मिळेल त्या पैशाला हो म्हणणार. भीतीपोटी किंवा गरजेपोटी माणूस जेव्हा पडेल ती अट मान्य करतो, तेव्हा तो करार नसून बळजबरी असते. म्हणून कराराच्या आधीची आणि करारापेक्षा मोठी एक अट आहे : काटकसरीनं राहणाऱ्या कामगाराचं त्या मजुरीत भागलं पाहिजे.

'कबूल' हा शब्द आपल्या मराठीत अरबीतून आला. निकाहाच्या वेळी साक्षीदारांसमोर वधूची कबुली घेतात, ती तिची स्वतःची आहे हे कळावं म्हणून. मजुराच्या कबुलीला साक्षीदार कोण? लिओ म्हणतात, कामगारांच्या संघटना, आणि त्या कमी पडल्या तर सरकार. धर्मसत्तेच्या सर्वोच्च माणसानं कामगारांच्या संघटनेला नैसर्गिक हक्क म्हणणं ही १८९१ मध्ये मोठी गोष्ट होती.

याच कुळातला दुसरा शब्द 'वाजवी'. दुकानावर 'वाजवी दर' लिहिलेलं असतं तेव्हा आपण 'स्वस्त' असा अर्थ घेतो. पण मूळ शब्द 'वाजिब', म्हणजे जे देणं कर्तव्यच आहे ते. त्या अर्थानं वाजवी मजुरी ही मालकाची मेहरबानी नव्हे आणि बाजारानं ठरवलेली किंमतही नव्हे. ते देणं आहे. पुढच्या सगळ्या पोपांनी ही ओळ सोडलेली नाही.

अर्थात या पत्राला उणिवाही आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा १८४८ चा, म्हणजे चर्चला जाग यायला ४३ वर्षं लागली. समाजवादाला पत्रात सरळ विरोध आहे, आणि तो सुधारणेइतकाच धास्तीतूनही आलेला दिसतो. बायकांची जागा स्वभावतः घरात, असंही त्यात आहे. कुटुंबाला पुरेल अशी मजुरी म्हणताना डोळ्यांसमोर कमावता पुरुषच होता. गिरणीत बारा तास उभ्या राहणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटलं असतं?

मालमत्तेबद्दलची भूमिका मात्र लोक समजतात त्यापेक्षा खोल आहे. खाजगी मालकी हा हक्क आहे, असं लिओ ठणकावून सांगतात. पण त्याच्याखाली एक जुना पाया आहे, सेंट थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडलेला : पृथ्वीवरचं सगळं मुळात सर्व माणसांसाठी आहे, मालकी ही ते नीट सांभाळलं जावं म्हणून केलेली व्यवस्था. त्यामुळे जीव जायची वेळ आलेल्या माणसानं दुसऱ्याच्या भरल्या कोठारातून घासभर घेतलं, तर अक्वायनस त्याला चोरी म्हणत नाहीत. १९६७ मध्ये सहाव्या पॉलनी हाच पाया उघडा करून दाखवला. मोठमोठ्या जमिनी पडीक ठेवून भोवतालची माणसं भुकेली राहत असतील, तर सर्वांच्या हितासाठी सरकार त्या काढून घेऊ शकतं, असं त्यांनी लिहिलं. न्यूयॉर्कच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं त्यावर मार्क्सच्या शिळ्या कढीला ऊत आणल्याची टीका केली. कढी मार्क्सच्या कितीतरी आधीची होती, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आता तो अवघड शब्द. सब्सिडिअ‍ॅरिटी. १९३१ मध्ये अकराव्या पायसनी तेराव्या लिओंच्या पत्राला ४० वर्षं झाल्याचं निमित्त साधून नवं पत्र काढलं. तेव्हा इटलीत मुसोलिनीचं राज्य होतं, रशियात स्टॅलिनचं. दोघांनाही सगळं काही सरकारच्या मुठीत हवं होतं. पायस म्हणाले, जे काम माणूस स्वतः करू शकतो ते समाजानं हिरावू नये. जे गाव, संघटना, छोटी संस्था करू शकते ते वरच्या सत्तेनं ओढून घेऊ नये. मात्र छोट्याला पेलेनासं झालं तर वरच्यानं हात झटकायचे नाहीत, मदतीला यायचं. लॅटिनमध्ये 'सब्सिडियम' म्हणजे मदत. रोमन सैन्यात आघाडीच्या मागे राखीव उभी असलेली तुकडी. पुस्तकांतून याला 'पूरकता' असा प्रतिशब्द दिसतो. मला त्याऐवजी 'पाठराखण' म्हणावंसं वाटतं. नवी नवरी सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत पाठराखीण जाते. ती तिचा संसार करायला जात नाही, आणि तिला एकटीही पडू देत नाही. वरच्या सत्तेनं खालच्यांशी असं वागावं, एवढाच या जड शब्दाचा अर्थ. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारात युरोपीय संघानं हे तत्त्व शब्दासकट उचललं.

याच १९३१ च्या पत्राचा गैरवापरही झाला. मालक-कामगारांनी व्यवसायवार एकत्र संस्था कराव्यात, अशी एक सूचना त्यात होती. ऑस्ट्रियात डॉलफुस आणि पोर्तुगालमध्ये सालाझार यांनी तिचा आधार घेऊन हुकूमशाही उभी केली आणि स्वतंत्र कामगार संघटना मोडल्या. खालच्यांनी उभं करायचं ते वरून लादलं, म्हणजे पाठराखिणीनंच संसार ताब्यात घेतला.

हे तत्त्व खालून उभं राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण स्पेनच्या बास्क प्रांतात आहे. मोंद्रागोन नावाचं एक छोटं औद्योगिक गाव. यादवी युद्धात होरपळलेलं, पराभूत झालेलं. १९४१ मध्ये तिथे होजे मारिया अरिझमेंदिअरिएता नावाचा पंचविशीतला तरुण धर्मगुरू आला. धर्मगुरूंच्या शिक्षणात त्यानं ही सामाजिक शिकवण वाचली होती. गावात आल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल, तर १९४३ मध्ये मुलांसाठी तंत्रशाळा काढली. तिच्या विद्यार्थ्यांपैकी पाच जणांनी पुढे १९५६ मध्ये 'उल्गोर' नावाचा कारखाना सुरू केला. नाव त्यांच्याच आडनावांच्या अक्षरांतून जुळवलेलं, आणि माल होता रॉकेलचे स्टोव्ह. काम करणारे हेच मालक, आणि एका माणसाला एक मत, मग तो इंजिनियर असो की झाडू मारणारा. सुरुवातीला सर्वांत वरच्याचा पगार सर्वांत खालच्याच्या तिप्पट, त्याहून जास्त नाही. पुढे ही मर्यादा वाढवली, तरी सहापटीच्या आसपास राहिली. एखाद्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाचा पगार आणि तिथल्या शिपायाचा पगार यांचा भागाकार ज्यांनी कधी केला असेल, त्यांना या आकड्याचं महत्त्व कळेल.

१९५९ मध्ये त्यांनी स्वतःची बँक काढली. सहकारी कारखान्याचे हे सभासद नोकर नसून मालक आहेत, असं म्हणत सरकारी विमा योजनेनं त्यांना बाहेर ठेवलं, तेव्हा आजारपण आणि निवृत्तीसाठी स्वतःची योजनाही काढली. आज या संघात सुमारे ७० हजार माणसं काम करतात.

मोंद्रागोनची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. पण २०१३ मध्ये काय झालं तेही सांगायला हवं. उल्गोरचाच वारसा चालवणारा, घरगुती उपकरणं बनवणारा 'फागोर' हा कारखाना मंदीत बुडाला. इतर सहकारी संस्थांनी आधी त्यात पैसे ओतले होते. शेवटी त्यांनी आणखी द्यायला नकार दिला. सभासदांची त्यात अडकलेली बचत गेली. मात्र त्यांतल्या बऱ्याच जणांना संघातल्या दुसऱ्या कारखान्यांनी कामावर घेतलं. ज्यांना असं सामावून घेतलं नाही ते परदेशातल्या शाखांमधले कामगार होते. ते तिथे नुसते पगारी नोकर होते, सभासद नव्हते. मालकीचं तत्त्व देशाच्या सीमेपाशी थांबलं होतं. हा दोष मला छोटा वाटत नाही.

इथेच चौथा खांब लागतो, बांधिलकीचा. पाठराखणीबरोबर बांधिलकी नसेल तर प्रत्येक गट आपापलं पाहतो. दुसऱ्या जॉन पॉलनी या शब्दावर खूप लिहिलं. जर्मनांनी पोलंड व्यापलं होतं तेव्हा त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी केली होती. त्यांच्या मायदेशी ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या जहाजकारखान्यात आना वालेन्तिनोविच या क्रेनचालक बाईंना कामावरून काढलं, त्यावरून संप पेटला आणि त्यातून जी संघटना जन्मली तिचं नावच 'सोलिदार्नोश्च', बांधिलकी. संपकऱ्यांनी कारखान्याच्या फाटकावर पोपचं चित्र लावलं होतं. गंमत बघा, कामगारांचं म्हणवणाऱ्या सरकारविरुद्ध कामगार उभे होते. पुढच्या वर्षी, १९८१ च्या सप्टेंबरमध्ये, पोपचं श्रमावरचं पत्र आलं. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, आणि भांडवल हेही शेवटी साठवलेले श्रमच असल्यामुळे मान श्रमाचा आधी, असा त्याचा गाभा. नुसती हळहळ म्हणजे बांधिलकी नव्हे, हे त्यांनी १९८७ च्या दुसऱ्या एका पत्रात स्पष्ट केलं. हळहळ बातम्या संपल्या की संपते.

लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांनी याला आणखी धार लावली. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेडेलिनला जमून त्यांनी गरिबांच्या बाजूनं उभं राहायचं ठरवलं. सर्वांचं हित म्हणजे बहुसंख्यांचं हित नव्हे, त्यात शेवटचा माणूसही सुटता कामा नये, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. या भूमिकेची किंमत एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी दिली. आपल्याच देशातल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडू नका, असं त्यांनी सैनिकांना जाहीरपणे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी, २४ मार्च १९८० ला, प्रार्थना चालवत असतानाच त्यांना गोळी घालण्यात आली. चर्चनं त्यांना संत ठरवलं ते २०१८ मध्ये.

२०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी निसर्गाचा प्रश्न याच मांडणीत आणला. जमीन आणि पाणी नासतं तेव्हा पहिला फटका गरिबाला बसतो, असं त्यांचं म्हणणं. हे आपल्याला परकं नाही. मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईसाठी टँकरवाले आणि बिल्डरांविरुद्ध उभे होते. हेच फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. फ्रान्सिस यांच्या २०२० च्या, बंधुतेवरच्या पत्रात तर आणखी एक गोष्ट झाली. कैरोच्या अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब यांच्याशी झालेल्या संवादातून आपल्याला प्रेरणा मिळाली, असं पोपनी त्यात लिहिलं. माझ्यासारख्याला हे वाचून बरं वाटलं, हे कशाला लपवू?

राहिला पहिला खांब, माणसाची प्रतिष्ठा. तो मुद्दाम शेवटी ठेवला, कारण आपल्या देशात या शिकवणीची खरी परीक्षा तिथे आहे. १९७१ मध्ये रोमला जमलेल्या जगभरच्या बिशपांनी एक धाडसी गोष्ट लिहून ठेवली होती : जो दुसऱ्यांना न्याय सांगतो त्यानं आधी आपलं घर तपासावं, चर्चच्या संस्थांत राबणाऱ्यांना पुरेसा पगार मिळतो का, तेही पाहावं. भारतात घर तपासायचं म्हणजे जातीपाशी येणं आलंच. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत होती. मेल्यावरही शेजार नको. दलित ख्रिस्ती संघटना तिच्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. २००३ मध्ये तमिळनाडूच्या बिशपांना रोममध्ये भेटले तेव्हा दुसऱ्या जॉन पॉलनी जातिभेद हा ख्रिस्ती बंधुतेच्या विरुद्ध असल्याचं त्यांना बजावलं. आणि डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं. चर्चच्या आत अस्पृश्यता पाळली जाते, ही कबुली त्यात त्यांच्याच शब्दांत आहे. सरकारदरबारी स्थिती अशी की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. दलित मुसलमानांनाही नाहीत. म्हणजे या माणसांना चर्चमध्ये जात चिकटलेली आणि कागदावर जात नाही. त्या धोरणात बिशपांनी स्वतःच्या शाळा, दवाखाने आणि संस्थांमध्ये दलितांना जागा देण्याची जबाबदारी घेतली आहे. तिचा हिशेब विचारण्याचं काम आता त्या त्या धर्मप्रांतातले दलित कॅथलिकच करत आहेत.